माळ्यावरची गादी

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून माया पावसाळ्याच्या तोंडावर वसईहून अकोल्याला आली. सवय मात्र तिकडचीच घेऊन आली. बाळाची दुपटी कपाटाच्या डोक्यावर, कणकेचा डबा ओट्यावर. आई, पंचफुलाबाई, हसायची. वसईचं घर तळमजल्यावर, आणि खाडी फुगली की दरसाल पाणी न विचारता आत. तिथं त्याला कुणी पूर म्हणत नाही, 'पाणी भरलं' म्हणतात. शेजारीण चिखल खरवडता खरवडता सांगते, यंदा काय, गुडघ्यापर्यंतच होतं. मायाही तसंच बोलायला शिकली होती, आणि त्या शिकण्याचाच तिला वीट आला होता.

बाळ सव्वा महिन्याचं झालं तसा तिचा नवरा नागसेन न्यायला आला. पावसाळा अजून सरला नव्हता. पंचफुलाबाईंनी जावयाला पोटभर जेवू घातलं आणि मग विचारलं, "बापू, पानी भरलं तं लेकराले कुठी ठेवसान?"

नागसेन खुलला. जणू याच प्रश्नाची तो वाट पाहत होता. त्यानं मोबाईलवर फोटो दाखवला. स्वयंपाकघरातला माळा, त्यावर इवलीशी गादी, पुढं फळ्यांचा कठडा. सुट्टीच्या दिवशी स्वतः ठोकून केलेला. ओट्याच्या वर पाणी कधी गेलंच नाही, असं त्यानं सासूला ठासून सांगितलं.

चांगलं केलं की, हे मायाच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिनं आईचं उतरलेलं तोंड पाहिलं. जिथं रिकामे डबे टाकायचे तिथं लेकरू ठेवायचं, आणि आपल्याला त्यात काही वावगं दिसलं नाही, या विचारानं ती घाबरली. पाण्याला ती इतकी कधी घाबरली नव्हती.

"मी नाही येत," ती म्हणाली. "वरच्या मजल्यावर घर भेटलं की मंग न्या."

आता हा आईदेखत भडकणार, असं तिला वाटलं. पण नागसेन फोटोकडेच पाहत बसला.

"फळ्या ठोकतानी मले रडू येऊन राह्यलं होतं," तो म्हणाला. "कोनाले सांगाव?"

पंचफुलाबाईंनी त्याला राहा म्हटलं. पण सोमवारी ड्युटी होती. बाळाला एकदा मांडीवर घेऊन तो एकटाच परत गेला.