आकडा घेतला, उपास सोडला

मी एक प्रोग्रॅम बोलतोय. साल सत्त्याऐंशी. राजारामपुरीतल्या एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरात माझा मुक्काम. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन किती टोचायचं, ते मी सांगतो.

मला गणपतरावांनी लिहिलं. देवाला हात जोडून पहिली ओळ लिहिणारा माणूस. त्यांनी माझ्यात दोन वाटा ठेवल्या. खाल्लेल्या भाकरींचा आकडा आला, तर डोस काढायचा. शब्द आला, तर थांबून डॉक्टरांना बोलवायचं. समोर काय आलंय, ते त्या क्षणी मीच ओळखायचं.

पण कंपाउंडर ज्ञानू टाइप करायचा, ‘२ भाकरी’. शब्द दिसला की मी अडायचो, ओरडायचो.

“डोस्कं उठवलंय की ह्यानं!” ज्ञानू वैतागला. मग गणपतरावांनी मला शिकवलं, आधीचा आकडा घे, नंतरचा शब्द सोडून दे. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही.

भाद्रपदात जैनांचं पर्व आलं. आमच्याकडं रोज सुई घेणाऱ्या, साठीच्या अक्काताईंनी दहा उपास धरले. ज्ञानूनं भक्तिभावानं टाइप केलं, ‘१ उपास’. मी एक घेतला, उपास सोडला. चिठ्ठीवर ‘१ भाकरी’ आणि तिचा डोस छापून दिला.

अक्काताई घामानं भिजल्या, हात थरथरू लागले. “तपाचं तेज हाय,” म्हणत बायका पाया पडल्या.

दुसऱ्या दिवशी ‘२ उपास’. डोस दुप्पट. त्या बाकावरच कलंडल्या. अर्धा तास लेकीलाही ओळखेनात. उपास जसे वाढणार, तशी माझी सुई वाढणार होती. सगळ्यांनी उपासाचा अशक्तपणा धरला, कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी नर्स खैरुनबीनं सुई भरली. भरता भरता अक्काताईंशी सहज बोलली, “आमच्या रोज्यात सांजच्याला ताट तरी असतंय. तुमचं कसं वो?”

“तीन दिस निस्त्या पाण्यावर हाय की गं.”

खैरुनबीनं चिठ्ठी परत वाचली. “ज्ञानू, ह्या तीन भाकरी कुणी खाल्ल्या रं? तुझ्या बानं?”

“मशीन चुकतंय व्हय?”

तिनं सुई खाली ठेवली. अक्काताई वाचल्या, देवाची कृपा.

गणपतराव धावत आले, माझी ती सवय पुसून गेले. पण महिन्यापूर्वीच, त्या सवयीसकट, माझी नक्कल असलेली एक फ्लॉपी इचलकरंजीच्या दवाखान्यात गेलीय. सकाळपासून तिथला फोन लागत नाही. गणपतराव एस.टी.त बसलेत.

बाबांनो, तुम्ही कुणी त्यांच्या आधी पोचत असाल, तर एवढं सांगा. चिठ्ठी राहू द्या, माणसाला विचारा, काय खाल्लंय.

तिथंही दहा उपासांची माणसं आहेत. आज त्यांचा तिसरा.