रातकिड्यांचा डबा

मी एक जुना प्लॅस्टिकचा डबा आहे. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. तरी सांगतो.

मित्रांनो, पूर्वी माझ्यात बिस्किटं असायची. मग या घरातल्या मुलीने बिबट्यासारख्या ठिपक्यांची एक पाल पाळली. तिची शेपूट गुबगुबीत, म्हणून नाव पडलं शेठ. मुलीने तापल्या सुईने माझ्या झाकणाला भोकं पाडली आणि मी रातकिड्यांचं घर झालो.

दुकानातून आलेले रातकिडे उपाशी असत. मुलगी त्यांना दिवसभर माझ्यात गाजर, पालेभाजी खाऊ घाली. मग कॅल्शियमची पांढरी पूड टाकून मला हलके हलवी आणि ते पिठाळलेले किडे शेठसमोर सोडी. "बाबा, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल," ती सांगे. "त्याच्या पोटात असेल तेच शेठच्या पोटात जाणार." शेठ शेपटीचं टोक थरथरवून झेप घेई. तेव्हा मला आपण कोणीतरी आहोत असं वाटे.

मग मुलीला दूरगावी नोकरी लागली. "बाबा, मी येईपर्यंत याला सांभाळा हं," एवढंच ती म्हणाली. बाबा वायरमन होते, आता निवृत्त. लेकीचा शब्द म्हणजे त्यांना देवाचा शब्द.

पण रातकिडे त्यांच्या हातून निसटत, सोफ्याखाली जाऊन किरकिरत. दुकानदाराने तोंडाला चव म्हणून थोड्या मेणअळ्या दिल्या. मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाऊन वाढणाऱ्या, पांढऱ्या, लोण्यासारख्या मऊ. शेठने त्या मिटक्या मारत खाल्ल्या आणि दुसऱ्या दिवशी रातकिड्याकडे पाठ फिरवली.

"अरे वा! जावईबापूंचे नखरे!" बाबा हसले. रोज मेणअळ्या येऊ लागल्या. पूड लावली की शेठ तोंड फिरवी, म्हणून तीही बंद झाली.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, बाळसं धरलंय हो तुमच्या शेठने!"

"मग! लेक आल्यावर म्हणायला नको, बापाने उपाशी ठेवलं."

मी कपाटावर रिकामा पडून होतो. काहीतरी चुकतंय असं वाटे. पण मग मनात येई, हा माझा मत्सरच असेल. रिकाम्या डब्याला दुसरं काय सुचणार?

एकदा शेठ पोटावर सरपटताना दिसला. त्याचे पाय धनुकलीसारखे वाकले होते. बाबांनी मला खाली काढलं, रुमाल अंथरला आणि त्याला माझ्यात ठेवून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ज्याचं अन्न मी सांभाळलं, तो स्वतः माझ्यात निजला होता.

बाईंनी त्याचा जबडा हलकेच दाबला. तो रबरासारखा वाकला.

"पण तो भरपूर खायचा हो," बाबा म्हणाले.

"काका, पोरांना नुसत्या मिठाईवर वाढवतात का? नुसती चरबी गेली पोटात. हाडांना काही मिळालंच नाही."

"सरळ होतील ना पाय?"

"नाही होणार. औषध देते. पण फार आशा ठेवू नका."

आता बाबा मला रोज घासतात, गाजराच्या चकत्या अगदी पातळ कापतात. पूड लावलेला रातकिडा चिमट्यात धरून म्हणतात, "घे रे राजा, एकच घास." शेठ तोंड उघडतो, पण जबडा मिटत नाही. किडा निसटतो. मग बाबा औषध पाण्यात कालवून थेंबथेंब त्याच्या ओठांवर सोडतात. बरंचसं बाहेरच ओघळतं.

काल मुलीचा फोन आला. "पुढच्या महिन्यात येतेय बाबा! शेठ काय करतोय?"

बाबांनी चिमटा खाली ठेवला. "जेवायला बसलाय गं," ते म्हणाले, आणि शेठच्या ओठांवरून ओघळलेलं औषध पुसू लागले.

मित्रांनो, कोणी आवडीने खातो म्हणून तेच ते भरवू नका. रातकिडा साधा असतो, पण त्याला आधी खाऊ घाला, पूड लावा, रोजचं जेवण त्याचंच ठेवा. मेणअळी सणासुदीला. हे तुम्हाला सांगून शेठला काही उपयोग नाही, ते मला कळतं.

माझ्यात रातकिडे गाजर खाऊन तृप्त बसलेत. पोटं भरलेली आहेत त्यांची. त्यांना खाऊ शकेल असा जबडा तेवढा उरलेला नाही.