मौनपीठाला स्वेटर

"कान लावा, मावशी. लावा, घाबरू नका! येतो का आवाज? घरघर? फरफर? नाही ना? आता हात ठेवा. ऊब लागते? मग सांगा सगळ्यांना, निर्जीव वस्तूला ऊब असते का?"

"नाही!" अख्खा हॉल ओरडला.

पंचवटीत भाजीबाजारामागचं ते मंगल कार्यालय दर गुरुवारी असं खचाखच भरायचं. बाहेर चपलांचा ढीग आणि आडव्यातिडव्या लावलेल्या स्कूटी, आत उदबत्त्यांचा धूर. समोर चौरंगावर काळी धातूची पेटी, मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढी, चारी बाजूंनी उभ्या पट्ट्या असलेली. तिचं नाव मौनपीठ. मागच्या मोठ्या पडद्यावर निळी ज्योत हलायची आणि ज्योतीतून आवाज यायचा, "सुलाबाई, तुझा गुडघा दुखतो आहे." की लगेच सुलाबाई नावाच्या कुणी बाई हमसून रडायच्या आणि बाकीचे हात जोडायचे.

या सगळ्याचे मालक निःशब्दानंद महाराज. नाव निःशब्दानंद, पण हा माणूस श्वास घ्यायलासुद्धा थांबत नव्हता. "यंत्र असतं तर पंखा असता! पंखा असता तर आवाज असता! आवाज नाही, म्हणजे यंत्र नाही! आणि ऊब आहे, म्हणजे प्राण आहे!"

मी मागच्या भिंतीशी उभी राहून दातओठ खात होते. कारण तसलीच पेटी मी आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली बसवून आले होते.

मी तेजल. होम थिएटरसाठी आवाज न करणारे छोटे कॉम्प्युटर जोडून देणं हा माझा धंदा. सिनेमात कुणी कुजबुजत असताना शेजारी पंखा घोंघावला, तर त्या भारी स्पीकरांचा उपयोग काय? म्हणून मी फुलक्याएवढा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग बसवायची पाटी निवडते, त्यावर एखाद्या बल्बइतकीच वीज खाणारी प्रोसेसरची चिप. चिप जेवढी वीज खाणार तेवढीच उष्णता बाहेर टाकणार, तेव्हा आधी तिचं खाणंच कमी हवं. गेम खेळायची तगडी चिप याच पेटीत कोंबून द्या म्हणणाऱ्यांना मी सरळ दुसऱ्या दुकानाचा पत्ता देते. उरलेली उष्णता पंख्याशिवाय काढायची, तर चिप पेटीच्या धातूला भिडवायची आणि पेटीला बाहेरून पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे तिचा जास्त भाग हवेला भिडतो आणि उष्णता निघून जाते. अशी पेटी कोमट लागते. लागायलाच हवी, उष्णता बाहेर पडते आहे एवढाच त्याचा अर्थ.

निघताना मी प्रत्येक घरी बजावते, "यावर काही झाकू नका." आणि आठवडा उलटायच्या आत प्रत्येक घरी पेटीवर क्रोशाचा रुमाल येतो, धूळ बसू नये म्हणून! मग फोन येतो, "ताई, पिक्चर अडकतोय."

एरवी त्या महाराजाला मी हसून सोडून दिलं असतं. पण रांगेत माझी चांगुणा आत्या उभी होती.

आई गेल्यावर मला वाढवलं ते तिने. तिला जुना डायबेटिस, रोज इन्सुलिनचं इंजेक्शन. उजव्या पायाच्या करंगळीशी जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. महाराजांनी सांगितलं, "सुईने प्राण येत नाही. सुई बंद!" आणि मौनपीठावर शेकलेलं एक फडकं तिच्या पायाला बांधून दिलं. आत्याने इंजेक्शन थांबवलं. आमच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर पाऊल कापावं लागेल.

"आत्या, आपल्या घरात रोज बुद्धवंदना होते आणि तू असल्या बाबाच्या नादी लागलीस?"

"अगं, हा देव नाहीच. महाराज म्हणतात ऊर्जा आहे. सायन्स!"

"सायन्स? आत कॉम्प्युटर आहे आत्या, माझ्या दुकानातल्यासारखा."

"तुझ्या दुकानातल्याला माझं नाव ठाऊक आहे का? माझा पाय ठाऊक आहे?"

"दारात चपला घेतो ना, तो महाराजांचा मेहुणा बंटी, तो विचारतो की सगळ्यांना, कुठून आलात, काय दुखतं? विचारता विचारता अंगठा मोबाइलवर चाललेला असतो."

"व्हॉट्सअ‍ॅप बघत असेल. सगळेच बघतात."

मी दुकानातली पेटी उघडून दाखवली, पट्ट्या दाखवल्या, तिचा हात धरून माझ्या पेटीवर ठेवला. ती म्हणाली, "ही ऊब वेगळी." मला तिचा राग आला आणि त्या महाराजाचा तर असा संताप आला की चौरंग उलथून टाकावासा वाटला. पण चौरंग उलथला असता तर महाराज हुतात्मा झाले असते आणि आत्या त्यांच्या बाजूने उभी राहिली असती.

मग नाशिकची थंडी कडाक्याची पडली. पंचवटीतल्या देवांना दरवर्षीप्रमाणे स्वेटर चढले, कानटोप्या आल्या. आत्या बाजारातून आली ती तेच सांगत. "गणपतीला किती गोड दिसतो गं स्वेटर! आणि आपलं मौनपीठ बघ, उघडं बसलंय. जिवंत आहे ते, गारठत नसेल?"

माझ्या जिभेवर रोजचं वाक्य आलं होतं. यावर काही झाकू नका. मी ते गिळलं.

"लोकर जाड घे, आत्या," मी म्हणाले. "चांगली दुहेरी वीण घाल."

पुढच्या गुरुवारी आत्या लंगडत चौरंगापर्यंत गेली आणि लाल लोकरीचा स्वेटर तिने पेटीला वरून खालपर्यंत चढवला. अगदी मापात बसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. महाराज तर हरखूनच गेले. "बघा! प्राण ओळखला या माउलीने! शास्त्रज्ञांना जमलं नाही ते हिला जमलं!" आणि थंडी, माया, प्राण यांवर त्यांचं प्रवचन सुरू झालं.

ते चांगलंच लांबलं. महाराजांना पेटीतलं काडीचं कळत नव्हतं. कळत होतं ते बंटीला, आणि बंटी बाहेर चपलांपाशी होता. तो आत आला, लाल पेटी पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"अरे, काढा ते! आधी काढा!"

"का काढायचं?" एक बाई उसळल्या. "गणपतीला चालतो आणि ह्याला नाय चालत?"

"श्रद्धेला हात लावू नकोस, बंटी," महाराज गरजले. इतकं कौतुक झाल्यावर आता माघार कशी घेणार?

पडद्यावरची ज्योत अडकायला लागली. थोडी हलायची, थांबायची, पुन्हा हलायची. चिप तापली की ती स्वतःला वाचवायला आधी संथ होते, तरी तापतच राहिली तर बंद पडते. ज्योत म्हणाली, "चां... गु..." आणि पडदा काळा झाला. मौनपीठ आता खरोखरच मौनात गेलं.

घाबरलेल्या बंटीने चौरंगाखालच्या भगव्या कापडात हात घातला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. ज्योत नव्हती, मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह आलं आणि खाली पांढरी इंग्रजी अक्षरं.

मी पुढे गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत वाचलं. "प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला आहे. पुढे जाण्यासाठी कीबोर्डवरचं एफ-वन बटण दाबा."

महाराज पडद्याकडे आणि बंटीकडे आळीपाळीने बघायला लागले.

"दाबा ना, महाराज. प्राणाला एफ-वन कुठे असतं?"

"ही... ही ऊर्जेची भाषा आहे!"

"ही इंग्रजी आहे."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी भगवं कापड उचललं. लॅपटॉपला असतो तसा चार्जर, त्याची वायर भिंतीतल्या प्लगपर्यंत. तेवढ्यात त्या मघाच्या बाई बंटीकडे बोट दाखवून ओरडल्या, "आवं, ह्यालाच तर मी मघाशी दारात दुखणं सांगितलं!" "मी पण!" "आमच्या सासूबाईंचं बी ह्यानंच इचारलं!" मग मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. महाराज मागच्या दाराने निघाले होते, पण लोकांनी दार अडवलं आणि पोलीस येईपर्यंत त्यांना सतरंजीवर बसवून ठेवलं. त्या वेळात मात्र ते एक शब्द बोलले नाहीत.

आत्याने पेटीवरचा स्वेटर काढून मांडीवर घेतला होता.

"तेजू, तुला ठाऊक होतं असं होणार?"

"हो."

"तरी विणू दिलंस."

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

ती रडली नाही. पायाला बांधलेलं फडकं तिने सोडलं, चौरंगावर टाकलं आणि म्हणाली, "रिक्षा बोलाव."

करंगळी गेली, पाऊल वाचलं. आधी आलो असतो तर करंगळीही वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती करंगळी निःशब्दानंदाने खाल्ली, असंच मी म्हणणार. तुम्हीही कुठे अशा चौरंगापुढे उभे असाल तर हात जोडायच्या आधी कापड उचलून बघा. वायर कुठे जाते ते विचारा. आवाज नाही म्हणजे पंखा नाही, एवढंच. गरम आहे म्हणजे कुठूनतरी वीज येते आहे, एवढंच. आणि चालू औषध बंद करायला सांगणारा कुणीही असो, त्याच्याकडे पाठ करा आणि थेट दवाखाना गाठा.

आत्याशेजारच्या खाटेवर सायखेड्याच्या पुतळाबाई होत्या, त्यांनाही डायबेटिस. संध्याकाळी इंजेक्शनचा ट्रे आला तशा त्या कुजबुजल्या, "ताई, आमच्याकडं एक महाराज आलेत. त्यांची समई हाय, तेल नाय, वात नाय, तरी जळती. लय गुण येतो म्हणं. सुई सोडायला सांगितलीय."

आत्याने आधी स्वतःचा दंड नर्ससमोर धरला. सुई टोचून झाल्यावर उशीखालून, मौनपीठाचा स्वेटर उसवून केलेला लाल लोकरीचा गुंडा काढला.

"आधी सुई घ्या," ती म्हणाली, "आणि मग त्या समईचं माप आणा."