शिशीवर न बसलेला नमुना

मी लेबलाचा नमुना बोलतोय. छापखान्यात मला प्रूफ म्हणतात. म्हणू देत. छापायच्या आधी गिऱ्हाइकाला दाखवायला जो काढतात आणि नंतर विसरतात, तो मी. गोड बोलायला मला येत नाही, आणि आता शिकणारही नाही.

नगरला माळीवाड्यात शामकांतरावांचा छापखाना. लढाईचे दिवस होते, कागद सरकारी कंट्रोलात गेलेला. पण गिदोन मिस्त्रीनं लढाईच्या आधीचा जाड, गुळगुळीत विलायती कागद ट्रंकेत जपून ठेवला होता. त्यावर त्यानं मला काढलं. बारीक नक्षीदार अक्षरांचे खिळे जुळवले, हलक्या हातानं शाईचा रूळ फिरवला. सात ओळी होत्या माझ्यावर, भोवतीनं वेलबुट्टी. मला उजेडात धरून गिदोन असा हसला, की त्याच्या बायकोनं पाहिलं असतं तर भांडण झालं असतं.

मी होतो केडगावच्या रतनबाईंसाठी. त्या माक्याचं तेल कढवायच्या. बिनलेबलाच्या शिशा काष्टीच्या बाजारात चांगल्या खपत होत्या. मग कुणीतरी भेसळीचं तेल बाईंचं म्हणून विकलं. लोकांची डोकी खाजली. दुकानदार म्हणाले, शिशीवर नाव असेल तर आणा, नाहीतर येऊ नका. लेबलांपुरता कागद कंट्रोलातून कसाबसा मिळाला होता. तो बिघडला तर दुसरा नाही, आणि बाईंचा धंदाही नाही.

"अगं बया!" मला बघून बाई म्हणाल्या. "लग्नाची पत्रिकाच जनू! गिदोनभाऊ, ह्योच छापा. आना दौत, करते सही."

मी फुगून बसलो. एवढ्यात आतून मालक आले. शामकांतराव म्हणजे घासात खडा यावा तसा माणूस.

"थांबा. ज्या कागदावर छापायचंय, त्यावर काढलाय का हा?"

"मालक, त्यो कागद किती कळकट हाय," गिदोन म्हणाला. "त्याच्यावर दावला तर बाई पळून जातील."

"आज पळाल्या तर बरं. छापून झाल्यावर पळून काय उपयोग? आणि आधी शिशीवर लावून बघ."

मला खळ लावली. शिशीवर दाबलं. काय सांगू, तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. पण माझं अंग जाड. एक कड बसली की दुसरी उठायची. गिदोननं अंगठा पांढरा होईस्तोवर दाबून धरलं. सोडलं, तसा मी टणकन सुटलो.

"ह्याला शिशीचं वावडं हाय व्हय?" म्हणून बाई हसल्या.

मग तेच खिळे कळकट कागदावर उठवले. हा दुसरा नमुना. रंग गोणपाटाचा, शाई फुटलेली. पण मेला शिशीवर असा बसला, जसा जन्मला तिथंच! मालकांनी शिशी फळीवर ठेवली आणि बाईंना दारात उभं केलं.

"वाचा."

"काय वाचू? गुळाला मुंग्या लागल्यात."

जिरली त्या कळकटाची, म्हटलं मी. आता येतील माझ्याकडे.

कुणी आलं नाही. गिदोननं तोंड पाडून खिळे सोडले. वेलबुट्टी गेली, पाच ओळी गेल्या. उरलं ते जाड खिळ्यांत: रतनबाईंचे माक्याचे तेल, केडगाव. पुन्हा तोच कागद, तीच शिशी, तेच दार. बाईंनी दारातून घडाघडा वाचलं. वाचून झाल्यावर पदर तोंडाला लावला.

"लांबून सुदिक माजंच नाव दिसतंय की वो!"

सही त्या गोणपाटावर झाली. माझ्या निम्म्याही ओळी नाहीत त्याला!

मला तारेला अडकवलं. माझ्यासमोरून लेबलांचे गठ्ठे गेले. काष्टीला गेले, देवळाली प्रवऱ्याला गेले. उंदरांनी खावेत, असं मी रोज म्हणायचो. उंदरांनीही माझं ऐकलं नाही. दुकानदारांनी तेल पुन्हा ठेवलं. बाईंच्या चुलीवर आता दोन कढया असतात म्हणे.

लढाई संपल्यावर बाई पुन्हा लेबलं छापायला आल्या. दाखवायला एक जुनी शिशी आणली होती. तिच्यावरचं लेबल मी नीट पाहिलं. कडा झिजलेल्या, अंग तेलानं पारदर्शक झालेलं, बोटांचे ठसेच ठसे. कुणाच्या न्हाणीत राहिलं असेल, कुणा पोरीच्या वेणीशेजारी बसलं असेल. त्या दिवशी जेवढा जळलो तेवढा मी आधी कधी जळलो नव्हतो.

मी अजून तारेलाच आहे. करकरीत. येणारे-जाणारे बघतात, "काय सुबक काम!" म्हणतात आणि निघून जातात. बाबा रे, तू तसलं काही बोलू नकोस. आज डोक्याला तेल लावलं असशील, तर हात न धुता ये. एक बोट माझ्यावर पुस आणि जा.