सरांसाठी फ्लॅट तारा

दुपारी तीनच्या सुमारास माझी कंबर संपावर जाते. त्या दिवशी सकाळपासून बाकावर वाकून दोन गिटारींच्या पट्ट्या घासल्या होत्या, एका व्हायोलिनची खुंटी बसवली होती आणि एका गृहस्थांना अर्धा तास समजावलं होतं, की गिटार खिडकीतल्या उन्हात ठेवली तर ती सुरात राहणार नाही. गृहस्थांनी सगळं मान डोलवत ऐकलं आणि विचारलं, "पण लाल रंगाच्या तारा मिळतील का?"

मी या दुकानाच्या मागच्या खोलीत वाद्यं दुरुस्त करते. पुढे मालक विकतात, मागे मी निस्तरते. वीस वर्षं झाली. लोक मला मिस्त्रीबाई म्हणतात आणि त्याचं मला काही वाटत नाही. हल्ली खरं तर कशाचंच फारसं काही वाटत नाही, घरी जाऊन पाठ टेकायची एवढंच डोक्यात असतं.

जरा चहाचा कप हातात घेतला, तेवढ्यात पडद्यापलीकडून आवाज आला, "काय टकटक, जिवंत आहेस का?" एवढ्या मोठ्यानं, की पुढे मालकांच्या हातातली पावती खाली पडली.

मला टकटक म्हणणारा माणूस जगात एकच. चौदा वर्षांची असताना मी सरांकडे बेस, म्हणजे खर्जाची गिटार, शिकायला जायचे आणि ताल धरताना पाय इतका आपटायचे, की खालच्या मजल्यावरच्या बाई भांडायला वर आल्या होत्या. वाजवणं माझं पुढे राहूनच गेलं. कान तेवढा तयार झाला, आणि त्या कानावर आज माझं पोट चालतं. तो सरांनी दिला, हे मी कधी विसरलेले नाही.

सरांनी पाच तारांचा त्यांचा जुना बेस पिशवीतून काढून बाकावर ठेवला. "फ्लॅट तारा लाव."

मी कप खाली ठेवला. सर आणि फ्लॅट? बेसच्या तारांचं साधं असतं. आतल्या पोलादी तारेवर बारीक गोल तार गुंडाळली की ती राउंड, चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅट. राउंड हाताला खरखरीत लागते, बोट सरकलं की चर्र वाजते, पण आवाज लख्ख. फ्लॅट गुळगुळीत, आवाज बसका आणि ठाम. सर जन्मभर राउंडवाले. फ्लॅट लावणारे लोक उशी बडवतात, असं ते आम्हाला शिकवताना म्हणायचे.

"एकदम काय झालं?"

"भाच्याचा हुकूम झाला, आणखी काय!" सर खुर्चीत बसले. "म्हणतो, मामा, तुमचा बेस पत्र्यासारखा वाजतो. गाणारी बाई कान झाकते म्हणे. शनिवारपर्यंत फ्लॅट लावा, नाहीतर दुसरा माणूस बघतो. ज्याला मी कडेवर घेऊन तालमीला न्यायचो, तो मला हे ऐकवतो!"

भाचा पियानो वाजवतो. दर शनिवारी एका हॉटेलच्या हॉलमध्ये लोक नाचायला येतात, तिथला बँड त्याचाच. बायको वारल्यापासून सर आठवड्यातून तेवढ्या एका संध्याकाळसाठी दाढी करतात, शर्टाला इस्त्री करतात. बाकीचे सहा दिवस त्या शनिवारची वाट बघण्यात जातात. तो गेला तर सरांकडे काय उरेल, हे मला नीट माहीत होतं.

"आणि चूक माझी नाहीच," सर म्हणाले. "हल्ली तारा मेलेल्याच येतात. नवी लावली तरी बोथट. मग ट्रेबलचं बटण पूर्ण उघडावं लागतं, तेव्हा कुठे आवाजाला धार येते."

वर्षभर ते दर महिन्याला तारांचा नवा सेट नेत होते. म्हातारपणाची कुरकुर म्हणून मी सोडून देत होते. सेट काढून द्यायचा, पुढच्या कामाला लागायचं. एकदाही मी त्यांना बसवून त्यांचा बेस ऐकला नव्हता.

पाच तारांच्या फ्लॅटमध्ये घोळ असतो तो पाचव्या तारेचा, सगळ्यात जाड 'बी'चा. हलका सेट घ्यावा तर ती लोळते. जड घ्यावा तर इतकी ताठ, की डावं मनगट बोलायला लागतं. सरांचं मनगट आधीच दुखरं. म्हणून म्हटलं, आधी ऐका, मग ठरवू. भिंतीवरून मी दोन बेस उतरवले. एकावर हलक्या फ्लॅट होत्या, दुसऱ्यावर कालच चढवलेल्या कोऱ्या राउंड. काय सोडून काय घेताय, ते सरांना कळावं एवढाच हेतू.

"थांब, कुठला कुठला ते सांगू नकोस," म्हणत सरांनी खुर्ची फिरवली आणि ते माझ्याकडे पाठ करून बसले. शिकवताना ते आम्हाला असंच बसवायचे.

मी फ्लॅटवर चार सूर वाजवले. मग तेच चार राउंडवर. बोट सरकताना तार अशी करकरली, की माझेच दात शिवशिवले.

"दोन्ही फ्लॅट," सर हसले. "फसवतेस होय गं?"

ट्रेबल वाढवून मी राउंड पुन्हा वाजवली, मुद्दाम नख घासून. "अहो मिस्त्रीबाई, गिऱ्हाईक पळेल!" मालक पुढून ओरडले. सरांची मान हललीसुद्धा नाही.

"बरोबर, सर," मी म्हणाले. "दोन्ही फ्लॅटच आहेत."

का म्हणाले? दमले होते, हे एक. आणि त्यांच्या पाठीकडे बघून दुसरं काही तोंडातून निघेना.

"मग! अजून ओळखतो मी." सर खुशीत उठले. "दुसऱ्याच्या तारा दे. त्यात दम आहे, सूर टिकतो. पहिला लगेच विझतो. आण, मनगटाला कसा वाटतो बघू."

मी काही बोलायच्या आत त्यांनी राउंडचा बेस मांडीवर घेतला. डावा हात तारेवरून सरकला आणि मध्येच थांबला. पुन्हा सरकला, सावकाश. आयुष्यभर राउंड वाजवलेल्या बोटांना कोणी काय सांगणार?

"ही राउंड आहे," सर म्हणाले.

"हो."

त्यांनी बोट जोरात घासलं. "आत्ता वाजलं? चर्र?"

"वाजलं, सर."

"मोठ्यानं?"

"बऱ्यापैकी."

कान तारेजवळ नेऊन त्यांनी आणखी एकदा घासलं, माझ्या तोंडाकडे बघत. बहुतेक माझ्या कपाळावरची आठी त्यांना दिसली. बेस त्यांनी हळूच बाजूला ठेवला.

"म्हणजे पत्रा मीच वाजवत होतो. वर्षभर." सर म्हणाले. "कानांचं एक वेळ जाऊ दे. वय झालं. पण तू हो का म्हणालीस? भाचा उद्धट असेल, पण त्यानं तोंडावर तरी सांगितलं. मी इथे तुझ्या कानावर विसंबून आलो होतो, टकटक."

मला भयंकर लाज वाटली. सर मला खूपदा रागावलेत, एकदा त्यांनी वहीसुद्धा फेकलीय. पण इतकं कधी लागलं नव्हतं.

ते आपला बेस पिशवीत घालायला लागले. "कळवतो त्याला, बघ म्हणावं दुसरा माणूस."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सरांवर की स्वतःवर, ते सांगता यायचं नाही. मी पिशवी हातातून काढून घेतली. "बसा. एवढं माझं डोकं खाल्लंत, आता तारा लावूनच जा. आणि ऐका. तुम्हाला ऐकू येत नाही तो आवाज फ्लॅटमध्ये जवळजवळ नसतोच. या तारांवर तुम्हाला जे ऐकू येईल, तेच त्या गाणाऱ्या बाईला येईल, तेच तुमच्या भाच्याला."

"हेही माझं मन राखायलाच?"

"नाही."

"कशावरून?"

मी जुन्या तारा सैल करायला घेतल्या.

सेट मधल्या वजनाचा घेतला, 'बी' तेवढी वेगळी, जड. फ्लॅट तार खुंटीपाशी आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची. आधी कापली तर वरची पट्टी सुटते आणि कोरी तार तिथेच मरते. हे मी रोज करते, तरी त्या दिवशी प्रत्येक तारेला दोनदा बघून घेतलं. ताण वाढला तशी बेसची नेक, म्हणजे लांब मान, किंचित वाकली, ती सरळ केली. सर बाजूला बसून होते. त्यांच्या हाताला काही काम नव्हतं, आणि ते बघवत नव्हतं.

मग त्यांनी वाजवलं. एक संथ चाल, नाचाची. आवाज भरीव निघाला, खोलीभर झाला. मालक पडद्यापाशी येऊन उभे राहिले, जे ते एरवी कधीही करत नाहीत.

"बोल," सर म्हणाले.

'वा' अगदी ओठांवर आलं होतं. "आवाज छान आहे," मी म्हणाले. "'बी' स्वच्छ बोलतेय. पण दुसऱ्या ओळीत तुम्ही घाई करता."

"कधीपासून?"

"मी शिकायला येत होते तेव्हापासून."

मालक घाबरून पुढे निघून गेले. सर माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी खिशातून फोन काढला. भाच्याचा नंबर लावून तो माझ्या हातात दिला. "फोनवर मला हल्ली कोणाचं धड कळत नाही. सांग त्याला, तारा लावल्या. आणि सांग, मामाला वरचे आवाज ऐकू येत नाहीत. मग तो काय म्हणतो ते जसंच्या तसं मला सांग. मलमपट्टी नको."

मी सांगितलं. पलीकडे भाचा बोलायला लागला, आणि थांबेचना.

"काय म्हणतो?" सरांनी विचारलं.

"म्हणतात, त्यांना माहीत आहे. बँडमध्ये सगळ्यांना माहीत आहे, गेल्या वर्षापासून." मी जसंच्या तसं सांगत गेले. "दुसरा माणूस कोणी बघितलेलाच नाही. फ्लॅट लावल्या तर तुम्हाला आणि त्यांना एकच बेस ऐकू येईल, म्हणून लावायला सांगितल्या. नुसतं सांगून तुम्ही लावल्या नसत्या, म्हणून धमकी दिली. म्हणतात, मामांशिवाय मला शनिवार नको."

सरांचा चेहरा लाल झाला. ते रागावलेत की रडणार आहेत, मला कळेना. पोरानं आपल्याला वर्षभर सांभाळून घेतलं, हे त्यांना कानांपेक्षा जड गेलं असावं. पाच तारांवर हात पालथा ठेवून ते कितीतरी वेळ बसून राहिले. फोनवर भाचा "हॅलो, हॅलो" करत होता.

"त्याला विचार," सर शेवटी म्हणाले, "शनिवारी किती वाजता यायचं."