शिवेवर जळालेला इजिप्त

लोक मला अजून विचारतात, "सर, ते इजिप्तवालं पुस्तक कधी येणार?" डोंबल येणार! त्याची राख होऊन तीन वर्षं झाली.

मी रघुनाथ. सुरतेतल्या उधन्याच्या मराठी शाळेत इतिहास शिकवतो. इजिप्तवरची दोन छोटी पुस्तकं मी मराठीत आणली, ती कुणी वाचली देव जाणे. तिसरं मात्र जाडजूड, तिथल्या मृत्युसंस्कारांवरचं. त्यात अकरा वर्षं घातली. एकेका शब्दासाठी आठवडा आठवडा डोकं खाजवलं. सात वर्षं साधं उत्तर न देणाऱ्या पुण्याच्या प्रकाशकांनी शेवटी लिहिलं, दिवाळीपर्यंत पाठवा, छापतो. माझी बायको शोभाबाई, तिनं त्या पत्राला हळदकुंकू लावलं.

मी लिहायचो ते जाड पुठ्ठ्यांच्या पाठीवर. पांडेसऱ्याच्या मिलमधून पोरांचे बाप आणून द्यायचे. पुढे साडीची नक्षी, मागे फॅरोची थडगी. पुठ्ठ्यातून कार्बन काही उमटेना. झेरॉक्स आज काढू, उद्या काढू, असं करत राहिलो. माझ्यासारखा गाढव मीच.

मग आला चौऱ्याण्णवचा सप्टेंबर. सुरतेत प्लेग म्हणताच अर्धं उधना भुसावळच्या गाडीला लोंबकळलं. मुलगा-सून मागून येणार होते. आम्ही दोघं, चार वर्षांची नात गायत्री आणि कपडे, पुठ्ठे कोंबलेली एक ट्रंक, असे अमळनेरजवळच्या आमच्या गावी पोचलो.

शिवेवरच धाकटा भाऊ चिंधा आडवा आला. तोंडाला उपरणं, हातात काठी.

"नाना, गावनं ठरेल शे. सुरतनं सामान उकळनं पडी, नही ते जाळनं पडी."

कपडे उकळले. पुठ्ठे कसे उकळणार?

"उंदीर लागेल शेतस का यास्ले?" चिंधानं विचारलं.

इथं कुणीही शहाणा माणूस खोटं बोलला असता. पण मी पडलो अभ्यासक! पुरावा समोर असताना नाही कसं म्हणू? वर कुरतडलेल्या कडा पुढे करून दाखवल्या. "थोडे लागलेत," म्हणालो. शोभाबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

गायत्री उन्हात उभी राहून पाण्यासाठी रडत होती. पुठ्ठे जळाल्याशिवाय आम्हाला आत घेत नव्हते. मी चिंधाच्या पाया पडायला वाकलो, धाकट्याच्या! तो झटकन मागे सरकला.

"कागदच शेत ना, नाना. परत लिखी ले."

काडी मीच लावली. दुसऱ्यानं लावलेली बघवली नसती. पुठ्ठे जाड, लवकर पेटेनात. अकरा वर्षं जळायला दोन तास लागले आणि मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधाची बायको रंभाबाई चहा घेऊन आली. अंगावर कोरी करकरीत मोरपिशी साडी. शोभाबाईनं सुरतेहून तिच्यासाठीच आणलेली. त्याच ट्रंकेत, माझ्या पुठ्ठ्यांच्या खाली होती. घडीला पाण्याचा थेंबसुद्धा लागला नव्हता.

मी चिंधाला ती साडी बोटानं दाखवली.

"नवी शे ती, नाना," तो म्हणाला. "नवी साडी उकळाले टाकस का कोनी? रंग उडी जाई."