उजवा खिसा

व्याह्यांनी दोन्ही हात जोडून "जय भीम" केला आणि पप्पांनी नुसती मान हलवली. त्यांचा उजवा हात पँटच्या खिशात होता, तो तिथेच राहिला. डावा हात छातीपर्यंत आला आणि तसाच खाली गेला. नांदेडच्या त्या बैठकीच्या खोलीत व्याह्यांचे जोडलेले हात तसेच अधांतरी राहिले.

"या, या. बसा की," माझे होणारे सासरे चिमाजी म्हणाले. एसटीत ड्रायव्हरकी करून निवृत्त झालेला हा मोकळ्या स्वभावाचा माणूस. पण त्यांचाही आवाज जरा उतरला होता. चहा आला. पप्पांनी कप डाव्या हाताने उचलला. होणाऱ्या सासूबाई, भिमाबाई, ट्रे घेऊन आत जाता जाता पुटपुटल्या, आणि ते पुटपुटणं सगळ्यांना व्यवस्थित ऐकू आलं.

"लै ताठा बाई, पुण्याच्या लोकांत."

पुण्याचे म्हणे! उदगीरकडच्या खेड्यातून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन भोसरीत उतरलेला माझा बाप, भिवा सोनकांबळे, अजून "का"ऐवजी "कामून" म्हणतो. ताठा कशाशी खातात हेही त्याला ठाऊक नाही. मला उठून सांगावंसं वाटत होतं. पण आईने माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला होता, कारण पप्पांनी आम्हा दोघींना ट्रॅव्हल्समध्ये बसल्यापासून बजावलं होतं, "हाताचं काही बोलायचं न्हाई."

पप्पांच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं नाहीत. मी बालवाडीत असताना चाकणजवळच्या एका छोट्या कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली गेली. प्रेसला दोन बटणं असतात, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो, म्हणजे कुठलाच हात आत राहत नाही. पण माल पटापट निघावा म्हणून एक बटण कुणीतरी चिकटपट्टीने दाबून ठेवलं होतं. ते कुणी केलं, हे पप्पांनी आजवर सांगितलेलं नाही. आईने विचारून विचारून नाद सोडला.

दुसरा असता तर प्रेसचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. हा माणूस दुसऱ्या कारखान्यात प्रेसवरच परत गेला, नव्या ऑपरेटरांना शिकवायला. सगळ्या कारखान्यात त्यांची एकच आरोळी, "दोन्ही हात दाव!" कुणी एका बटणाला टेप लावलेला दिसला की आधी टेप निघायचा आणि मग त्या माणसाची सालटी. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आज दहाच्या दहा बोटांनी घरी जेवतात. मला माझ्या बापाचा अभिमान वाटतो तो यासाठी, आणि तो मी कुणापुढेही सांगेन.

पण कारखान्याच्या गेटबाहेर आलं की तोच हात खिशात. पिंपरी कॅम्पातले हिंदुराव टेलर त्यांच्या प्रत्येक पँटीचा उजवा खिसा नेहमीपेक्षा चांगला चार बोटं जास्त खोल शिवतात. लग्नकार्यात पप्पा जेवत नाहीत. विहारात वंदनेला मागच्या खांबाजवळ उभे राहतात, कारण तिथे हात जोडले की नाही ते कुणी बघत नाही. त्यात मागे मला बघायला आलेल्या एका स्थळाने आमच्याच घरात, आमचेच पोहे खात म्हटलं होतं, "बाप असा, उद्या पोरीच्याच गळ्यात पडायचा." त्याच दिवशी पप्पांनी ठरवून टाकलं, माझ्या सासरच्यांपुढे हा हात येऊ द्यायचा नाही. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, सुजितच्या घरची मंडळी मोशीला आमच्याकडे आली तेव्हा हे मुद्दाम सेकंड शिफ्टला गेले. सगळं पप्पांच्या भावाने, खंडूकाकांनी पाहिलं. लग्नातही दारात पाहुण्यांच्या स्वागताला आणि पुढे मंचावर खंडूकाकाच उभे राहणार, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. मी रडले, भांडले, दोन दिवस अबोला धरला. माझ्या लग्नात माझा बाप मागच्या खांबाजवळ उभा राहणार, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. सुजितला मी हाताचं सांगितलं होतं, पण घरी बोलायचं नाही अशी त्यालाही शपथ. तो बिचारा शिफ्ट सुटत नाही म्हणून चाकणलाच राहिला, आणि भिमाबाईंनी "घर बघून जा की" असा आग्रह केला म्हणून आम्ही तिघं नांदेडला आलो.

चहानंतरचं अवघडलेपण चिमाजींनीच मोडलं. "नांदेडला आलाव अन् गुरुद्वारा न बघता जाताव व्हय? चला. लंगरमधी जेवूत."

जेवायचं म्हटल्यावर पप्पांचा चेहरा पडला. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. आधीच ताठ ठरलेले.

सचखंड गुरुद्वाराच्या दारात सगळ्यांनी डोक्याला केशरी रुमाल बांधले. पप्पांचा आईने बांधला. भिमाबाई ते बघून हसल्या. "नवरा लै लाडका दिसतो!" आईही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. पांढऱ्या फरशीवर ऊन लखलखत होतं, आत कीर्तन चालू होतं. पप्पा पेटीच्या सुरावर मान डोलवत बराच वेळ बसले. मी त्यांना इतकं निवांत क्वचित पाहिलं असेल.

लंगरच्या हॉलमध्ये लांबच लांब पट्ट्यांवर माणसं मांडी घालून बसली होती. शेतकरी दिसणारे, सुटाबुटातले, पंजाबातून आलेली म्हातारी माणसं, सगळे एकाच ओळीत. पप्पांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला चिमाजी, पलीकडे भिमाबाई आणि आई. पप्पांनी खिशातला मोठा रुमाल मांडीवर पसरून उजवा हात त्याखाली घेतला. ताटात डाळ पडली, भाजी पडली, खीर पडली. मग पोळ्यांची टोपली घेऊन एक सेवादार आला. पांढरी दाढी, दांडगा देह, घामाने भिजलेला कुर्ता.

"परशादा जी."

मी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. तिच्यात गरम पोळी पडली. पप्पांनी डावा हात पुढे केला.

सेवादार वाकून थांबला. "दोनों हाथ, बाबाजी."

पप्पांनी ताटाकडे बोट दाखवलं, इथे टाका म्हणून. तो हसला, पण टाकली नाही. रागावलाही नाही. टोपली कमरेवर घेऊन थांबून राहिला. मागची ओळ खोळंबली.

"व्याही, दोन्ही हात धरा," चिमाजी समजावून सांगू लागले. "हितली रीतच हाय. परशाद हाय त्यो."

आईने मान खाली घातली. मी म्हणणार होते की राहू द्या, माझ्या हातात द्या त्यांचीही. पण पप्पा त्या म्हाताऱ्या सेवादाराकडे बघत होते, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"हे तर मीच सांगतो रोज," ते स्वतःशीच म्हणाले.

रुमाल बाजूला झाला. अंगठा, करंगळी आणि मध्ये गुळगुळीत झालेली मोकळी जागा असा तो हात डाव्या हाताशेजारी येऊन उघडा झाला. सेवादाराच्या चेहऱ्यावरची रेघही बदलली नाही. त्याने जशी माझ्या ओंजळीत पोळी ठेवली तशीच त्यांच्याही ओंजळीत ठेवली. तळवा शाबूत होता. पोळी छान राहिली. "वाहेगुरू" म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळला.

चिमाजींचा घास हातातच राहिला होता.

"कंपनीत?" त्यांनी विचारलं.

"हाव. प्रेसवर."

"मग सकाळी सांगायचं न्हाई व्हय? आमची ही तुमाला अकडू म्हनलाली!"

पलीकडे भिमाबाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं.

"अकडू चालतंय," पप्पा म्हणाले. "बिचारा म्हनलेलं चालत न्हाई."

चिमाजींनी हातातला घास तोंडात घातला. पप्पांनी पोळी ताटात ठेवली, उजव्या तळव्याने दाबून धरली, डाव्या हाताने तिचा तुकडा मोडला आणि डाळीत बुडवून खाल्ला. चारचौघांत बसून जेवताना मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला रडू येत होतं आणि खीरही संपवायची होती, मी दोन्ही केलं.

सेवादार दुसऱ्यांदा फिरला तेव्हा पप्पांनी स्वतःहून ओंजळ पुढे केली.

बाहेर चपला घालताना चिमाजींनी विषय काढला. "लग्नात दारात कोन उभं ऱ्हानार तुमच्याकडून?"

"भाऊ हाय माझा. खंडू."

"कामून? मी काय तुमच्या भावाची पोरगी मागितली?"

पप्पांनी वाकून दुसरी चप्पल पायात सरकवली. आमची ट्रॅव्हल्स सुटेपर्यंत दोघं व्याही एसटी आणि प्रेस यांपैकी कशात जास्त जोखीम यावर वाद घालत होते. भिमाबाईंनी आईच्या पिशवीत लोणच्याची बरणी कोंबली आणि तिचे दोन्ही हात हातात धरून ठेवले. तोंडाने मात्र एवढंच म्हणाल्या, "सांडू देऊ नका बाई."

परत आल्यावर पहिल्याच सुट्टीला मी पप्पांना घेऊन पिंपरी कॅम्पात गेले. लग्नासाठी पांढरा कुर्ता आणि पायजमा शिवायचा होता. खंडूकाकांचं काय ठरलं, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. हिंदुराव टेलरांनी गळ्यातली टेप काढली.

"कुर्त्याला उजवा खिसा नेहमीसारखाच ना, भाऊ? चांगला खोल घेतो."

पप्पांनी दुकानातल्या आरशात एकदा पाहिलं.

"उजवा नको," ते म्हणाले. "डावीकडं एक द्या. मोबाईलपुरता."

हिंदुरावांनी माझ्याकडे पाहिलं, मी रस्त्याकडे पाहिलं. मग ते चष्मा पुसत म्हणाले, "बरं. बाह्यांचं माप घेऊ. हात वर करा."

पप्पांनी दोन्ही हात पसरले आणि माप होईपर्यंत तसेच धरून ठेवले.